मदत हवी: व्याल्यापासून गाय मागून लंगडते

गोठा_३: गाय व्याली तेव्हापासून मागून लंगडते. कॅल्शियमची बाटली झाली, फरक शून्य. आता कोणतं इंजेक्शन? लवकर सांगा.

खुरपारखी: कोणता पाय? किती दिवस झाले? आपली आपण उठते का? वासरू ओढून काढलं का?

रवंथ: मिल्क फीवरच, व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम घसरतं तो. दुसरी बाटली लावा.

खुरपारखी: @रवंथ, मिल्क फीवरमध्ये कान गार पडतात, शेण अडतं, गाय मान कुशीकडे वळवून बसते. एकच पाय ओढत नाही. शिरेतून कॅल्शियम भरभर गेलं तर हृदय बंद पडतं, विसरू नका.

गोठा_३: उठते हो, खातेही. कान गरम. पहिलारू, आज 3 दिवस. वासराचे खुबे अडकले, चौघांनी ओढलं. डाव्या मागच्या पायाचा खुरावरचा सांधा पुढे दुमडतो, खुराचं टोक घासतं.

खुरपारखी: हे आधी सांगायचं! अडकलेलं वासरू कटीच्या हाडांत नसा चेपतं. मांडीच्या आतली नस गेली तर पाय बाहेर फाकतात, सायटिकची, म्हणजे मागच्या पायाच्या मोठ्या नसेची, फाट दुखावली तर सांधा असा दुमडतो. फरशीवरून हलवा, मातीवर किंवा जाड वाळूवर ठेवा. सांध्याला भरपूर कापूस, वर उभा चिरलेला पीव्हीसी पाइप, मग बँडेज. रोज सोडून जखम बघा. पाय फाकत असतील तरच मागचे दोन्ही पाय सांध्याच्या वर मऊ पट्ट्याने, मध्ये दोनेक फूट सोडून बांधा. सूज उतरवायचं इंजेक्शन डॉक्टर वजनावर ठरवतील.

नखीवाला: आधी खूर तासा. तळव्याला व्रण असणार.

खुरपारखी: 3 दिवसांत? व्याताना बंध सैल पडतात, खुरातलं हाड खाली उतरून तळवा चेपतं. खूर महिन्याला जेमतेम 5 मिमी वाढतो, म्हणून तो व्रण 8-12 आठवड्यांनी वर येतो.

नखीवाला: बरं, पण वार (वासरामागून पडणारी जार) अडकली, ताप आला, खाणं तुटलं की अंग उतरतं, खुरातली चरबीची गादीही पातळ होते. मग लंगडणं येतंच. वार पडली का?

हिरवाचारा: अवांतर: पहिलारूला हलकी वासरं देणाऱ्या वळूचंच वीर्य भरावं.

रवंथ: दूध किती देते?

खुरपारखी: @गोठा_३, खुबा निखळला नाही ना? पाय आखूड दिसतो का? चालताना खुब्यावर कटकट लागते का? तसं असेल तर डॉक्टर आजच. खुबा जितका उशिरा, तितका बसवणं अवघड.

गोठा_३: आखूड नाही. कटकट नेमकी कुठे बघू?

खुरपारखी: मांडीच्या वरच्या टोकाला बाहेर जो हाडाचा उंचवटा लागतो, त्यावर तळहात ठेवा आणि दुसऱ्याला गाय दोन पावलं चालवायला सांगा. आणि वारेचं उत्तर राहिलंय.