आवणीची बस: वर्गणी थांबवावी का?

ढोकाळीकर
रविवारच्या बैठकीत माझं बोलणं चहा आल्यामुळे अर्धवट राहिलं, म्हणून इथे लिहितोय.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. ठाणे-ऐरोलीचे आपण पंधरा-वीस जण सहा वर्षं मुरबाड तालुक्यातलं एक गाव आणि पारनेर तालुक्यातलं एक गाव यांची गाठ घालून देतोय. आषाढात पारनेरची माणसं माळशेज घाट उतरून आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, येतात. भादव्याच्या अखेरीस मुरबाडची माणसं बाजरीच्या काढणीला वर जातात. मुक्काम घरोघरी. दोन्ही वेळची बस आपल्या वर्गणीतून, आणि यंदा तो आकडा ४१ हजारांवर गेलाय.

माझी तक्रार आकड्याची नाही. सावड म्हणजे आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. त्यात दिवस मोजलेले असतात. कुणाचे दोन दिवस कुणाकडे फिरायचे राहिलेत, हे म्हातारी माणसं बोटांवर सांगतात. आपण बस भरली आणि ती मोजणीच बंद पडली. गेल्या ज्येष्ठात पारनेरहून फोन आला तो मुरबाडला नाही, मला आला. "यंदा गाडी कधी लावताय?" सहा वर्षांनंतरही दोन्ही गावांकडे माझाच नंबर आहे, एकमेकांचा नाही. आपण मैत्री जुळवतोय की ट्रॅव्हल्स चालवतोय?

माझं मत: यंदापासून बस बंद. ज्यांना यायचंय ते लालपरीने येतील. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तर फुकट. कल्याण-नगर गाड्या माळशेजवरूनच जातात.

मेघा ऐरोली
साफ असहमत. पण तुम्हाला वाटतंय त्या कारणासाठी नाही.

गेल्या आषाढात मी चार दिवस तिथे होते. पारनेरच्या एक ताई रोप अंगठ्याने पार खाली दाबत होत्या. शेजारच्या आजीने त्यांची अख्खी ओळ उपटली आणि परत लावली. "बाजरी नाय पेरायची, बाय. नुसतं उभं कर, चिखल धरतो त्याला." सगळे हसले, फोटो निघाले, तुम्हीच तो गटावर टाकलात.

त्या फोटोत बांधावर दोन कातकरी बायका उभ्या आहेत. त्या का उभ्या होत्या, हे कुणी विचारलं नाही. मी विचारलं. आवणीची मजुरी हीच त्यांच्या कातकरी वाडीच्या हातात पावसाळ्यात येणारी रोकड. गणपती-दिवाळीच्या सुमाराला भट्टीवाल्याची उचल घ्यायची, मग पावसाच्या तोंडापर्यंत वीटभट्टीवर. परत आल्यावर आवणी हाच आधार. आणि आपण तीस माणसं फुकट राबायला आणतो! त्या चार दिवसांत वाडीतल्या किती जणींची हजेरी बुडाली, ते आपल्या वहीत कुठेच नाही.

तुमच्या सावडीत दिवस फिरवायला आधी स्वतःचं शेत लागतं. ज्याला शेतच नाही त्याने कुणाकडून दिवस परत घ्यायचा? आणि बस बंद केलीत तर भादव्यात बाजरीला जाणाऱ्यांतून पहिली गळेल ती वाडीच. एसटी मुख्य रस्त्यावर सोडते. तिथून पुढे चिखलातून दीड तास, कडेवर पोर घेऊन. अर्ध्या तिकिटाचं कौतुक फाट्यापर्यंत.

तुर्भे कांदाबटाटा
मी पारनेरचा, मार्केटला आहे. वाचून हसू आलं. गाठ घालून देतोय म्हणे!

आमच्या आज्याचा मेंढरांचा वाडा दिवाळीनंतर माळशेज उतरायचा. मुरबाड, कल्याण, भिवंडीपर्यंत. भात कापून झालेल्या खाचरात रात्री मेंढरं बसवायची. लेंडीखत त्या शेतकऱ्याला, बदल्यात आम्हाला भात. वर्षानुवर्षं तीच घरं. पौषात मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावच्या जत्रेत घोंगड्या विकायच्या, तिथं जुनी गिऱ्हाइकं नावानं हाक मारायची. आज्याला लिहिता येत नव्हतं, पण कुठल्या खाचराला किती रात्री झाल्या ते पाठ.

आता त्या खाचरांवर प्लॉटिंग झालं. तारेचं कुंपण, गेट, पाटी. मेंढरू बसवणार कुठं? उरलेल्या शेतात पोत्यातलं खत येतं. म्हणून ओळख तुटली. ढोकाळीकर साहेबांचं निम्मं बरोबर आहे, हिशोब असल्याशिवाय नातं टिकत नाही. पण तो हिशोब बस बंद करून परत येणार नाही. एकमेकांची गरज असेल तरच येईल.

सरळसोट
ही सहल आहे, सहल. नाव काहीही द्या. मुरबाडच्या त्या गावात वैशाखात टँकर येतो. ४१ हजारांत दोन मोठ्या सिंटेक्स टाक्या बसतील. माणसं नेण्या-आणण्यापेक्षा पाणी द्या.

मेघा ऐरोली
@सरळसोट, टाकी भरायची कशाने? टँकरनेच ना?

मुरबाडला २५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पारनेरला ५०० च्या आसपास. तरी टँकर दोन्हीकडे. मुरबाडला पडतो तो कातळावरून उताराने वाहून जातो. गेल्या वर्षी आपण तिथे वनराई बंधारा घातला तो मार्गशीर्षात. पारनेरच्या काकांनी ओढ्यात उतरून पाहिलं आणि म्हणाले, "उशीर केला. धार जाड असते तवाच गोणी घालायची. आता काय अडवता, डबकं?" सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून रचायचं काम, त्यात खर्च कसला? पण ते दसऱ्याच्या आसपास करायचं, हे आपल्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. काकांची ओळख त्या बसमुळेच झाली होती.

आणि "पाणी द्या" हे आपण म्हणावं? कळवा-मुंब्रा-दिव्याला एमआयडीसीचं बारवी धरणाचं पाणी येतं. ते धरण मुरबाडच्याच रानात आहे.

सरळसोट
बारवीचा मुद्दा मान्य. मग बस आषाढात कशाला, दसऱ्याला न्या. माती उचलायला मीसुद्धा येईन. भात लावायला येणार नाही, माझी कंबर गेलीय.

ढोकाळीकर
मेघा, तो फोटो आत्ता पुन्हा काढून बघितला. दोघी दिसतात. डावीकडच्या बाईच्या डोक्यावर इरलं आहे, म्हणजे ती कामाच्या तयारीनेच आली होती. सहा वर्षं बायकांच्या हसण्याचे फोटो मोजत बसलो, हे ध्यानात आलं नाही.

तरी बसबद्दल माझं मत बदललेलं नाही. आषाढातली बस तर आता तुमच्याच मुद्द्याने रद्द व्हायला हवी. आवणीला पारनेरकरांची गरज नाहीच, मजुरीला माणसं आहेत. त्यांची मजुरी जमीनवाल्यांनी द्यावी, आपली वर्गणी त्यात घालू नये. दसऱ्याची एकच फेरी ठेवू, बंधाऱ्यासाठी. तिचं अर्धं भाडं दोन्ही गावांनी काढावं. वाडीकडून पैसा नको.

तुर्भे कांदाबटाटा
अर्धं भाडं पारनेरहून निघेल, मी बोलतो. पण बंधाऱ्यावर वाडीची माणसं फुकट राबणार का? तिथंपण हजेरी बुडतेच की. अडलेलं पाणी शेवटी जमीनवाल्याच्या विहिरीत.

ढोकाळीकर
याचं उत्तर माझ्याकडे नाही.

मेघा ऐरोली
माझ्याकडेही नाही, पण विचारायचं कुणाला ते माहितीय. शनिवारी मी वाडीवर जातेय. इरलंवालीला दहा रोपं दिली तर माझ्यापेक्षा चांगली लावेल, तेवढी ओळख झालीय. गाडीत दोन जागा आहेत. डबा आपापला. ढोकाळीकर, येताय का? फोटो नको मात्र.

सरळसोट
दुसरी जागा माझी. पुढची सीट द्या, कंबर.