प्रेंडरगास्ट की क्राउली? आयर्लंड रग्बीतले जुने-नवे कोणी समजावून सांगेल का, पोरगा बोलत नाहीये

त्रिमूर्तीनगरकर

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मी क्रिकेटचा माणूस. रग्बी म्हणजे एकमेकांच्या अंगावर पडायचं, यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं. पण आमचा चौदा वर्षांचा चिरंजीव मागच्या वर्षी शाळेच्या रग्बी टीममध्ये गेला. त्यांचे सर पोरांना आयर्लंडच्या सामन्यांचे व्हिडिओ दाखवतात, आणि तेव्हापासून रविवारी तर्री-पोह्यांच्या प्लेटवर आयर्लंडशिवाय दुसरा विषय नाही. ज्या भिंतीवर विराट होता तिथे आता सॅम प्रेंडरगास्ट लागलाय. उंच, किडकिडीत. आमचा पोरगाही काडीपैलवानच, म्हणून आवडला असेल.

नोव्हेंबर २०२५ मध्ये डब्लिनला दक्षिण आफ्रिकेशी सामना होता. आपल्याकडे रात्री अकरा वाजून गेल्यावर सुरू. दोघंही एका रजईत बसून पाहिला. आयर्लंड १३–२४ हरलं. मला एवढंच कळलं की रेफरी लग्नातल्या अक्षतांसारखी पिवळी कार्डं उधळत होता. मी आपला सहज बोलून गेलो, "तुझा हा प्रेंडरगास्ट काही कामाचा दिसत नाही, तो दुसरा क्राउली बरा." पोरगा उठून आत गेला. दोन दिवस अबोला.

म्हणून विचारतो. सेक्स्टन निवृत्त झाल्यावर दहा नंबरचा, म्हणजे खेळ चालवणाऱ्या आणि किक मारणाऱ्या गड्याचा, खरा वारस कोण? जुन्यांपैकी अजून कोणात दम आहे? आणि नव्या पोरांमध्ये कोणाकडे लक्ष ठेवावं? मला पुढच्या रविवारच्या आत एक तरी शहाणं वाक्य बोलायचं आहे.


पोट्टा_नं_९

काका, पोरगा बरोबर आहे, तुम्ही चुकले. प्रेंडरगास्टचा पास पाहा ना एकदा. पंचवीस-तीस मीटर फेकते बॉल, आन् असा फेकते का समोरच्याच्या हातात जाऊन बसते. टॅकल कच्चं आहे हे खरं. शिकीन ना हळूहळू. काहून घाई करून राहिले?


लिमरिक_ते_लक्ष्मीनगर

दादा, माझा पक्षपात आधीच कबूल करते. मी सहा वर्षं लिमरिकच्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स होते, म्हणजे मी मन्स्टरवाली. क्राउली कॉर्ककडचा, म्हणून आमचा. प्रेंडरगास्ट किल्डेअरचा, लेन्स्टरकडून खेळतो, म्हणून त्यांचा. आयर्लंडच्या रग्बीत लेन्स्टर, मन्स्टर, अल्स्टर आणि कॉनाक्ट असे चार प्रांत. देश दोन असले तरी संघ साऱ्या बेटाचा एकच. दहा नंबरचा वाद मात्र तिथे खेळाचा नसतो, भावकीचा असतो.

माझे घरमालक ऐंशीच्या घरातले शेतकरी आजोबा. सेक्स्टनचं नाव निघालं की चहाचा कप बशीत ठेवून द्यायचे. त्याच्याआधी त्या जागेवर रोनन ओ'गारा होता, मन्स्टरचा. २००९ ला कार्डिफमध्ये अगदी शेवटाला त्याने ड्रॉप गोल (बॉलला जमिनीवर टप्पा देऊन खांबांमधून किक) मारला आणि आयर्लंडला ग्रँड स्लॅम मिळाला. सिक्स नेशन्स ही युरोपातल्या सहा देशांची दरवर्षीची स्पर्धा, तिचे पाचही सामने जिंकले की ग्रँड स्लॅम. त्याआधीचा त्यांचा एकुलता एक १९४८ चा, म्हणजे आजोबा तेव्हा पाळण्यातून नुकतेच उतरले असतील. आणि दीडच महिन्याने डब्लिनच्या क्रोक पार्कवर हायनेकेन कपची (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) सेमीफायनल, मन्स्टर विरुद्ध लेन्स्टर, ८२ हजारांवर माणूस. लेन्स्टरचा दहा नंबर जखमी झाला, त्याच्या जागी २३ वर्षांचा एक पोरगा आला, आल्याआल्या पेनल्टी मारली. पुढे लेन्स्टरचा ट्राय (बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवणं) झाल्यावर तो जमिनीवर पडलेल्या ओ'गाराच्या तोंडाशी जाऊन ओरडला. तो सेक्स्टन. मन्स्टर २५–६ हरलं. आजोबांनी ते ओरडणं कधी माफ केलं नाही. पुढे सेक्स्टन पॅरिसच्या क्लबात गेला तेव्हा तिथे ओ'गारा कोच होता, दोघांचं जमलंही. आजोबांना तेही पटलं नाही.

हे सगळं यासाठी सांगितलं की त्या सेक्स्टनने पुढे देशासाठी ११८ सामने खेळून ११०८ गुण केले, ओ'गाराचाच १०८३ चा विक्रम मोडून. पण आयर्लंडची जर्सी त्याला पहिल्यांदा मिळाली ती चोविसाव्या वर्षी. प्रेंडरगास्टला एकविसाव्यातच मिळाली. तेव्हा एका रात्रीवरून त्याला निकालात काढणं घाईचं, हे तुमच्या मुलाच्या बाजूने. तुमच्या बाजूने हे: २०२४ च्या सिक्स नेशन्समध्ये क्राउलीने पाचही सामने दहा नंबरवर सुरू केले आणि आयर्लंडने स्पर्धा जिंकली. २०२५ ला पहिले चार प्रेंडरगास्टला दिले, शेवटचा इटलीविरुद्धचा क्राउलीला. नोव्हेंबरात शिकागोला न्यूझीलंडपुढे क्राउली, दक्षिण आफ्रिकेपुढे प्रेंडरगास्ट. सेक्स्टन आता कोच मंडळींत आहे, दोघांनाही किक शिकवतो. आणि तुम्ही पाहिलेल्या सामन्यात पिवळं कार्ड दोघांनाही मिळालं. त्या रात्रीपुरता तुमचा आणि चिरंजीवांचा, दोघांचाही दावा खारीज.

मला विचाराल तर प्रेंडरगास्ट फट उघडायच्या आधीच ती ओळखतो, हे शिकवून येत नाही. पण समोरचा संघ त्याच्याच अंगावर आपले मोठे गडी पाठवतो, आणि तिथे तो वाकतो. क्राउली बॉल घेऊन थेट टॅकल करणाऱ्यांच्या दाढेत जातो, मार खातो, उठतो. २०२३ च्या यूआरसी (क्लबांची लीग) सेमीफायनलला त्याने शेवटी ड्रॉप गोल मारून लेन्स्टरला १६–१५ ने हरवलं. आजोबांनी त्या दिवशी शेजाऱ्यांना बोलावून चहा पाजला. थॉमंड पार्कला, आमच्या लिमरिकच्या मैदानावर, तो किक घ्यायला उभा राहिला की अख्खं स्टेडियम गप्प होतं. अगदी गप्प, पाहुण्या संघाच्या किकलासुद्धा, तशी रीतच आहे. मी सीताबर्डीच्या गोंगाटात वाढलेली, पहिल्या वेळी मला वाटलं कोणाला तरी अटॅक आला. ड्युटीवरच्यासारखी उठून उभीच राहिले. मागच्याने खांद्यावर हात ठेवून बसवलं.

पण दादा, तुमचा प्रश्नच मला चुकीच्या जागी अडकलेला वाटतो. त्या रात्री आयर्लंड दहा नंबरमुळे हरलं नाही. स्क्रमचं पानिपत झालं. रजईत बसून तुम्हाला ते दिसलं नसेल, कारण स्क्रम म्हणजे सोळा पाठींचा ढीग. तो पुन्हा लावून पाहा आणि जर्सी क्रमांक तीनकडेच बघा. एक आणि तीन नंबर हे प्रॉप, म्हणजे पहिल्या रांगेच्या दोन टोकांचे गडी. एक नंबरच्या प्रॉपचा डावा खांदा मोकळा असतो. तीन नंबरचं डोकं मात्र समोरच्या दोघांच्या मध्ये अडकतं, डावीकडून एक दाबतो, उजवीकडून एक, आणि मागून स्वतःचेच गडी रेटतात. मी माना आणि खांदे पाहण्यात उमेदीची वर्षं घालवली, मला ती जागा पाहवत नाही. म्हणूनच तिथे माणूस पिकायला वेळ लागतो. विशीतला दहा नंबर मिळतो, विशीतला तीन नंबर विरळा.

आयर्लंडचा तीन नंबर टाइग फर्लाँग. (टायगर म्हणताना शेवटचा र गिळायचा, झालं टाइग. आडनाव आपल्या जुन्या फर्लांगासारखंच.) वेक्सफर्डच्या कॅम्पाइल गावचा शेतकऱ्याचा पोरगा. ब्रिटिश अँड आयरिश लायन्सच्या (ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक खेळाडूंचा एकत्र संघ) २०१७, २०२१ आणि २०२५ च्या तिन्ही दौऱ्यांत कसोट्या नऊ झाल्या, नऊच्या नऊ त्याने पहिल्या पंधरात सुरू केल्या. जन्म १९९२. आता मोजा: २०२५ च्या लायन्स मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू टाइग बर्न, १९९२. स्क्रमहाफ गिब्सन-पार्क, १९९२. विंगर जेम्स लो, १९९२. जॅक कॉनन, १९९२. बंडी आकी तर १९९० चा. पीटर ओ'मॅहनी, कॉनर मरे आणि कियन हीली २०२५ लाच थांबले. पुढचा वर्ल्ड कप २०२७ ला ऑस्ट्रेलियात, म्हणजे ही सगळी मंडळी पस्तिशीत. आणि पुरुषांच्या वर्ल्ड कपमध्ये आयर्लंडने आजवर एकही क्वार्टर फायनल जिंकलेली नाही. २०२३ ला सलग १७ सामने जिंकून आले होते, तरी न्यूझीलंडने २८–२४ ने घरी पाठवलं. शेवटी ३७ फेजेस, म्हणजे पडून-उठून ३७ वेळा पुढे रेटत, बॉल हातात ठेवला होता हो! मी तेव्हा नागपुरात परत आले होते. पहाटे अडीचला एकटीच टीव्हीसमोर, सासूबाई पाणी प्यायला उठल्या तर मी रडतेय.

मधली फळी चांगली आहे. कर्णधार केलन डोरिस आणि हुकर डॅन शीहन दोघंही १९९८ चे. लॉक जो मॅकार्थी २००१ चा, न्यूयॉर्कला जन्मलेला. २०२४ ला मार्सेलमध्ये फ्रान्सला ३८–१७ हरवलं तेव्हा सामनावीर तोच. जेमी ऑस्बोर्नने प्रिटोरियात पहिल्याच सामन्यात ट्राय केला. ही माणसं २०२७ ला ऐन भरात असतील. माझा जीव अडकलाय तो पहिल्या रांगेत. टॉमस क्लार्कसन तीन नंबरचा, २००० चा. जॅक बॉइल एक नंबरचा, २००२ चा. जो मॅकार्थीचा धाकटा भाऊ पॅडी शिकागोत पहिला सामना खेळला. पोस्टर लावायचंच तर चिरंजीवांना सांगा, क्लार्कसनचं लावा. कोणाच्याच भिंतीवर नसेल.

आयर्लंडच्या वीस वर्षांखालच्या संघाने २०२२ आणि २०२३ असे लागोपाठ दोन ग्रँड स्लॅम केले. २०२३ च्या त्या एका तुकडीत प्रेंडरगास्ट, पॅडी मॅकार्थी, कर्णधार गस मॅकार्थी (या मॅकार्थींचा भाऊ नाही, तिकडे मॅकार्थी म्हणजे आपल्याकडचे देशमुख) आणि आमचा मन्स्टरचा ब्रायन ग्लीसन. फ्रान्सने ज्युनियर वर्ल्ड कपच्या फायनलला त्यांना ५०–१४ धुतलं, तेही लक्षात ठेवा. आणि यातले बहुतेक लेन्स्टरचे. तिथे डब्लिन आणि आसपासच्या मोजक्या फीवाल्या शाळा वर्षानुवर्षं खेळाडू पुरवतात. विहीर खोल आहे, पण विहीर एकच, हे मला आवडत नाही. आता कोणी म्हणेल, मन्स्टरवाली जळते. जळतेच.


संत्रा_बर्फी

ताई, सगळं खरं, पण तुमच्या यादीतले लो, गिब्सन-पार्क, आकी हे तिघंही न्यूझीलंडचे. अर्धा संघ बाहेरून आणायचा आणि मग आयर्लंड भारी म्हणायचं?


लिमरिक_ते_लक्ष्मीनगर

अर्धा नाही हो, तुम्ही मोजलेत तेवढे तीन. तेव्हा तीन वर्षं राहिलं की त्या देशाकडून खेळता यायचं, आता पाच वर्षं लागतात. म्हणजे तो नळही बारीक झाला, आणि त्यातून आलेले तिघंही पस्तिशीकडे. माझी काळजी तुम्ही वाढवलीत. आणि आकीने कॉनाक्टमध्ये दहा वर्षांवर काढली आहेत. नागपुरात दहा उन्हाळे काढलेल्याला आपण बाहेरचा म्हणतो का?


रेशीमबाग_विंगर

पोरींचं कोणी नावच नाही घेतलं. मी स्वतः खेळते म्हणून सांगते. सप्टेंबर २०२४ ला व्हँकुव्हरमध्ये आयर्लंडच्या बायकांनी तेव्हाच्या वर्ल्ड चॅम्पियन न्यूझीलंडला २९–२७ हरवलं. एरिन किंग बदली म्हणून आली आणि दोन ट्राय करून गेली. त्याच उन्हाळ्यात ती पॅरिस ऑलिंपिकला सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणींची रग्बी, खेळली होती. शेवटचं कन्व्हर्जन (ट्रायनंतरची किक) डॅना ओ'ब्रायनने मारलं, त्यावरच जिंकले. दहा नंबर, जन्म २००३. काका, दहा नंबरवरूनच भांडायचं आहे ना, मग तिचंही नाव घ्या. आणि ईफा वेफर पाहा, आठ नंबरला असते, बॉल घेऊन पळाली की दोघी-तिघी लटकलेल्या असतात.


पोट्टा_नं_९

ताई, तीन नंबरचं आजच सरांना सांगतो. आमच्या टीमचा तीन नंबर रोज म्हणते मान दुखून राहिली, आन् आम्ही त्याले हसून राहिलो होतो.


त्रिमूर्तीनगरकर

सगळ्यांचे आभार. ताईंचं उत्तर पोराला मोबाइलवर दिलं, त्याने उभ्याउभ्याच वाचलं. मग सामना पुन्हा लावला आणि नुसते स्क्रम पाहिले. मी विचारलं, "काय रे, तीन नंबर?" म्हणाला, "बाबा, थांबा." म्हणजे बोलणं सुरू झालंय. क्लार्कसनला मात्र भिंत मिळणार नाही म्हणतो. डॅना ओ'ब्रायनचा व्हिडिओ त्याने तीनदा पाहिला.

त्याचा एक प्रश्न आहे ताई, मीच टाइप करतोय. तुमचे ते लिमरिकचे आजोबा क्राउलीबद्दल काय म्हणतात?


लिमरिक_ते_लक्ष्मीनगर

दिवाळीला फोन झाला होता. मी क्राउलीचं कौतुक केलं. ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "पोरगा गुणी आहे. पण ओ'गारा नाही तो."