निकाल दाखवा, मगच निधी: हे खरंच चालेल का?

जमाखर्च

सरकारी अर्थसंकल्प उघडला की काय दिसतं? वेतन, प्रवासभत्ता, कार्यालयीन खर्च, बांधकामं, अनुदानं. प्रत्येक लेखाशीर्षापुढे एक आकडा. पैसा कशावर गेला ते कळतं, त्यातून काय साधलं याचा मात्र पत्ता नाही. लेखापरीक्षक आला तरी तो पावत्या बघतो. त्या कामाचा कुणाला उपयोग झाला का, असा रकानाच त्याच्या तक्त्यात नसतो.

माझं म्हणणं सरळ आहे. तरतूद खात्यांनुसार करू नका, कार्यक्रमांनुसार करा. 'बालमृत्यू कमी करणे' हा एक कार्यक्रम. त्यात आरोग्य, पाणीपुरवठा, पोषण अशा तीन खात्यांचा पैसा एकत्र येऊ दे. दोन-तीन मोजमापं ठरवा, ती जाहीर करा आणि पुढच्या वर्षीचा निधी त्यावर ठरवा.

आज काय चालतं? गेल्या वर्षीचा आकडा घ्यायचा आणि त्यात थोडी वाढ टाकायची. वर्ष संपत आलं की निधी परत जाऊ नये म्हणून खरेदीची धावपळ. ज्याने पैसे वाचवले त्याचीच तरतूद पुढच्या वर्षी कापतात.

व्ही. ओ. की या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने १९४० साली विचारलं होतं: अमुक रक्कम 'ब' कामाला न देता 'अ' कामाला द्यायची, हे कशाच्या आधारावर ठरवायचं? बहुतेक ठिकाणी उत्तर अजून तेच आहे: गेल्या वर्षी दिली होती म्हणून.

आडवा_प्रश्न

साफ असहमत. आणि कल्पना नवी आहे असं निदान समजू नका. अमेरिकेत हूव्हर आयोगाने १९४९ मध्ये हेच सुचवलं. संरक्षणमंत्री मॅक्नमारांनी आपल्या खात्यात बसवलेली पीपीबीएस पद्धत (आधी उद्दिष्ट, मग कार्यक्रम, मग त्यानुसार पैसा) १९६५ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी सगळ्या नागरी खात्यांना लावली. कागदांचे ढीग साचले आणि १९७१ मध्ये ती गुंडाळावी लागली. मग अध्यक्ष कार्टर यांचं शून्याधारित बजेट (दर वर्षी प्रत्येक खर्चाचं समर्थन शून्यापासून करायचं), मग १९९३ चा कामगिरी-निकाल कायदा, मग धाकट्या बुश यांची 'पार्ट' नावाची गुणपत्रिका. दर थोड्या वर्षांनी कुणाला तरी हे पहिल्यांदाच सुचतं!

त्या 'पार्ट'चंच बघा. पहिल्या फेरीत २३४ कार्यक्रम तपासले. त्यातल्या निम्म्यांना शेरा मिळाला 'निकाल सिद्ध झालेले नाहीत'. ते वाईट आहेत असंही नाही, चांगले आहेत असंही नाही. आता यावर निधी कसा ठरवायचा? संसदेने त्या गुणांकडे फारसं लक्ष दिलं नाही आणि ओबामा आल्यावर गुणपत्रिका बंद झाली.

तुमच्या योजनेतली खरी अडचण ही आहे. समजा अग्निशमन दलाचे गुण कमी आले, गाड्या उशिरा पोचतात. आता तरतूद कापायची की वाढवायची? गाड्या खटारा झाल्या म्हणून उशीर होत असेल तर कापल्यावर आणखी उशीर होईल. चालकांच्या कामचुकारपणामुळे होत असेल तर वाढवलेला पैसा पाण्यात. गुणपत्रिका यातलं काहीच सांगत नाही. ती फक्त उशीर सांगते.

कोरी_वही

मी एका तक्रार निवारण कक्षात काही वर्षं काम केलंय, कुठल्या ते विचारू नका. 'सात दिवसांत निकाली' हे आमचं मोजमाप होतं. सहाव्या दिवशी संगणकावर तक्रार 'निकाली' व्हायची. आठव्या दिवशी तोच माणूस तीच तक्रार घेऊन यायचा आणि तिला नवा क्रमांक मिळायचा. आमचं काम दुप्पट दिसायचं आणि निकाली प्रमाण जवळजवळ शंभर टक्के. साहेबांचा सत्कारही झाला. नळ तसाच गळत होता.

जमाखर्च

@कोरी_वही, हसू आलं, पण हा मोजमापाचा दोष नाही, चुकीच्या मोजमापाचा आहे. पंधरा दिवसांनी तक्रारदारालाच फोन करून 'नळ गळायचा थांबला का' एवढं विचारलं असतं तर सत्कार झाला नसता.

@आडवा_प्रश्न, तुम्ही फक्त फसलेली उदाहरणं वेचलीत. इंग्लंडमध्ये २००० नंतर रुग्णालयांच्या प्रतीक्षायाद्यांवर कडक लक्ष्यं लावली. २००५ अखेर शस्त्रक्रियेसाठी कुणालाही सहा महिन्यांच्या वर थांबावं लागू नये, असं ठरलं. रुग्णालयांना जाहीरपणे तारे दिले जात आणि सतत नापास होणाऱ्या प्रमुखाची खुर्ची जाऊ शकत होती. स्कॉटलंड आणि वेल्समध्येही आरोग्यावरचा खर्च वाढत होता, पण असा धाक नव्हता. लांबलेल्या प्रतीक्षा इंग्लंडमध्ये कितीतरी जास्त घटल्या. हा फरक कशाने पडला?

आडवा_प्रश्न

धाकाने पडला, मान्य. पण त्याच इंग्लंडमधल्या रुग्णवाहिकांचंही सांगा की. जीव धोक्यात असलेल्या ७५ टक्के ठिकाणी ८ मिनिटांत पोचायचं, असं लक्ष्य होतं. काही सेवांच्या नोंदी तपासल्या तर ८ मिनिटांच्या जरा अलीकडे नोंदवलेल्या वेळांचा ढीग आणि लगेच पलीकडे फारच थोड्या नोंदी, एकदम कडा तुटल्यासारख्या. खरे आकडे असे कधी तुटतात का? ८ मिनिटं २० सेकंदांत पोचून जीव वाचवलेला चालक मात्र नापास.

आणि प्रतीक्षायादी मोजायला सोपी असते हो. तुमचा 'बालमृत्यू कमी करणे' घ्या. तो पाण्याने घटतो, आईच्या शिक्षणाने घटतो, घरात पैसा आला तरी घटतो. आरोग्य खात्याने काहीच न करता आकडा सुधारला तर बक्षीस द्यायचं? दुष्काळात बिघडला तर नेमका तेव्हाच निधी कापायचा?

तळटीप

मध्येच तोंड घालतो. पहिल्यांदा एक दुरुस्ती: फक्त पावत्या न बघणारं 'कामगिरी लेखापरीक्षण' अस्तित्वात आहे. अहवाल कुणी वाचत नाही ही गोष्ट वेगळी.

तुम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टींवर भांडताय. किती लसी टोचल्या हे आउटपुट, किती मुलं वाचली हे आउटकम. न्यूझीलंडने १९८९ च्या सार्वजनिक वित्त कायद्यात हे वेगळं केलं. खात्याच्या प्रमुखाने आउटपुटची जबाबदारी घ्यायची, कारण ते त्याच्या हातात असतं. मुलं वाचतील अशी आउटपुट निवडली का, याचं उत्तर मंत्र्याने द्यायचं. दुष्काळाचं खापर अधिकाऱ्यावर फुटत नाही आणि मंत्र्याला पळता येत नाही. पुढे तिथेही ओरड झाली की खाती आपापलं आउटपुट मोजत बसतात आणि सामायिक निकालाला वाली राहत नाही. पण भांडण निदान नेमकं झालं.

जमाखर्च

@तळटीप, हे पटलं. माझ्या मूळ धाग्यात मी दोन्ही एकत्र कालवलं होतं. 'निधी त्यावर ठरवा' हेही मागे घेतो, अग्निशमन दलाच्या उदाहरणाला माझ्याकडे उत्तर नाही. त्याऐवजी असं म्हणतो: आकडा घसरला की निधी आपोआप कापू नये, पण खात्याने सभागृहात उभं राहून कारण सांगितल्याशिवाय पुढची तरतूद मंजूर होऊ नये.

आडवा_प्रश्न

म्हणजे मोजायचं, पण पैशाला जोडायचं नाही. मग वर्षअखेरीच्या खरेदीचं काय झालं? धागा तिथून सुरू केला होतात.

कोरी_वही

ती चालूच आहे. आमच्याकडे गेल्या वर्षी शेवटच्या आठवड्यात तीस कपाटं आली. ठेवायला जागा नाही म्हणून बोळात उभी आहेत.