शब्दचर्चा: तक्रारीचं ‘समाधान’ होतं का?

(पुण्यातल्या वाचकांची चर्चा. बोलणाऱ्याच्या नावाऐवजी त्याच्या भागाचं नाव दिलं आहे.)

प्रश्न (कोथरूड): रस्त्यावरच्या खड्ड्याची ऑनलाइन तक्रार केली की कधी कधी निरोप येतो, ‘आपल्या तक्रारीचे समाधान करण्यात आले आहे.’ हा वापर बरोबर आहे का?

सदाशिव पेठ: नाही. मराठीत समाधान होतं माणसाचं. तक्रारीचं होतं निवारण. समाधान म्हणजे तोडगा, हा हिंदीतला वापर. ‘शंकासमाधान’ आपलाच शब्द आहे म्हणाल, पण तिथेही शेवटी विचारणाऱ्याचं मन निवावं लागतं. ‘निकाली काढणे’ तिसरंच. त्यात फक्त नोंद बंद होते.

सिंहगड रस्ता: खड्ड्यावरच बघा. कडा चौकोनी कापायच्या, सैल खडी आणि पाणी काढायचं, तळाला व कडांना पातळ डांबराचा हात द्यायचा, डांबर-खडीचा गरम माल थराथरानं भरून रोलर फिरवायचा. हे निवारण. ओल्या खड्ड्यात मुरूम ओतून फोटो काढला तरी तक्रार निकाली! जुना-नवा थर चिकटतच नाही, सांध्यातून पाणी शिरतं, चाकांखाली माल उखडतो.

प्रश्न (कोथरूड): मग यात ‘दर्जा’ म्हणायचं की ‘गुणवत्ता’?

सदाशिव पेठ: कामाला दर्जाच. ‘रस्त्याची गुणवत्ता’ म्हटलं की मला दहावीची यादी आठवते. पाण्याच्या बाबतीत मात्र ‘गुणवत्ता’ रुळलाय.

सिंहगड रस्ता: कारण तिथे आकडे असतात. भारतीय मानक 10500 प्रमाणे पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा 1 एनटीयूपर्यंत (एनटीयू म्हणजे गढूळपणा मोजायचं एकक), दुसरा स्रोतच नसेल तर 5 पर्यंत चालतो. शिल्लक क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवं. नमुना यात बसला तरी पाणी पहाटे चारला, करंगळीएवढ्या धारेनं येत असेल, तर पाण्याची गुणवत्ता उत्तम, सेवेचा दर्जा सुमार आणि समाधान शून्य.

कसबा पेठ: सेवा घेणाऱ्याला ‘ग्राहक’ म्हणतानाही जपून. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातल्या ‘सेवे’त मोफत सेवा येत नाही. 2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्यात सेवा मागणाऱ्यासाठी शब्द आहे ‘पात्र व्यक्ती’. ठरल्या मुदतीत दाखला मिळाला नाही, तर 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. दुकान न आवडलं तर ग्राहक दुसरीकडे जातो. जन्मदाखल्यासाठी कुठे जाणार? म्हणून तक्रारी घटल्या, की लोक समाधानी, असं धरू नये. कंटाळलेलेही गप्प बसतात.

प्रश्न (कोथरूड): मग निरोपात काय लिहावं?

सदाशिव पेठ: ‘खड्डा बुजवला आहे. आपले समाधान झाले का?’ आणि खाली ‘नाही’चं बटण. ते दाबलं की तीच तक्रार त्याच क्रमांकानं पुन्हा उघडली पाहिजे.