मदत हवी आहे: रात्री पोटरीत गोळे येतात, झोपेचं खोबरं झालंय

मंडळी, वय ५६. गेले दोन महिने आठवड्यातून तीन-चार रात्री हाच प्रकार. पहाटे तीनच्या सुमारास अर्धवट जाग येते, आळस देताना पंजा खाली ताणला जातो आणि डाव्या पोटरीत गोळा येतो. हात लावला तर दगडासारखी टणक गाठ. दोन-तीन मिनिटांत सुटतो, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोटरी ठणकते. परवा धडपडत उठलो आणि पलंगाच्या कडेवर उजवी नडगी आपटली, म्हणजे आता दोन्ही पाय कामातून गेले.

गोळा आला की त्या क्षणी नेमकं काय करायचं? मॅग्नेशियमने कुणाला फरक पडलाय का? एक मित्र क्विनाइन (मलेरियाचं औषध) घे म्हणतोय. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे, बाकी काही नाही.

टाचटेकू:
आधी चोळत बसू नका. गुडघा सरळ ठेवून पंजा नडगीकडे ओढा, हळूहळू, झटका न देता. हात पोचत नसेल तर तळव्याखालून टॉवेल घालून दोन्ही टोकं ओढा. माझा टॉवेल उशाशीच असतो, घरचे हसतात. चोळणं, शेकणं नंतर. आणि आळस द्यायचाच तर टाच पुढे ढकलून द्या. पंजा खाली गेला की पोटरीचा स्नायू आधीच आखूड झालेला असतो, तिथेच तो पकडतो. पायाशी घट्ट खोचलेलं पांघरूणही पंजा असाच खाली दाबतं, ते सैल करा.

झोपण्याआधी भिंतीला हात टेकून एक पाय मागे, गुडघा ताठ, टाच जमिनीला. अर्धा मिनिट, तीनदा. नेदरलँड्समध्ये ५५ वर्षांपुढच्या लोकांवर सहा आठवडे पोटरी आणि मांडीमागचा असा ताण देऊन पाहिला होता (२०१२), गोळे कमी झाले. मला तीन आठवडे लागले. चार दिवसांत सोडून देऊ नका.

औषधवाला:
क्विनाइनच्या वाटेला जाऊ नका. रक्तातल्या प्लेटलेट्स धोकादायक घसरू शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१० मध्ये याच वापराविरुद्ध इशारा दिला होता. मॅग्नेशियमवरच्या चाचण्यांचा २०२० मध्ये आढावा घेतला गेला, त्यात वयस्कांना फारसा उपयोग दिसला नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर उलट त्रासच.

रक्तदाबाची गोळी कोणती? लघवी वाढवणाऱ्या औषधांनी गोळे येऊ शकतात. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिनने स्नायू दुखतात, तेही चालू असेल तर सांगा. मात्र स्वतःहून काही बंद करू नका. एकच पोटरी सुजली, लाल किंवा गरम झाली तर थांबू नका, रक्ताची गुठळी असू शकते. चालताना दुखून थांबल्यावर बरं वाटत असेल तर तो रक्तवाहिन्यांचा मामला, तेही डॉक्टरांना सांगा.

धागाकर्ता:
पाकीट काढून पाहिलं. दोन औषधं एकत्र आहेत, त्यातलं एक हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवी वाढवणारंच. आणि ही गोळी बदलून बरोब्बर दोन महिने झालेत! डोक्यातच आलं नाही. सूज वगैरे नाही. सोमवारी डॉक्टरांकडे जातोय, पाकीट घेऊनच. काल रात्री टॉवेल ओढला, मिनिटभरात सुटला. ताण दोन्ही पायांना द्यायचा की डाव्यालाच?

टाचटेकू:
दोन्हीला. नडगी बरी होऊ द्या आधी.