गावातलं मोठं जुनं घर विकताना : आपापले अनुभव सांगा

वाईच्या आमच्या घराला गिऱ्हाईक आलंय. दोन चौकांचं घर, मागे विहीर, आणि राहायला आता फक्त आई. गावाकडचं असं घर ज्यांनी विकलं, किंवा विकायला काढून थांबले, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. कागद, भाव, भाऊबंद, सगळंच ऐकायचंय. तुमचं वाचून मग भावंडांसोबत बसणार आहोत.

पंढरपूर

आमचा वाडा माळवदाचा. दर उन्हाळ्यात वर माती घालून चोपायची, नाहीतर पावसात आत धार. ते काम जाणणारी माणसं मिळेनात, तेव्हा विकायचं ठरलं.

आजोबांच्या वेळेपासून आषाढीला एक दिंडी आमच्याकडे उतरायची. ओसरी, चौक, माडी, जिथे जागा तिथे पथाऱ्या. विकायचं म्हटल्यावर आईने पहिलं विचारलं, "माउली कुठं उतरतील?" कार्तिकीला त्यांची माणसं आली तेव्हाच आम्ही सांगितलं आणि जवळच्या मठात त्यांची सोय लावली. दलालाला त्यानंतर बोलावलं. हाच क्रम योग्य, असं मला मनापासून वाटतं.

मिळकत पत्रिकेवर अजून आजोबांचंच नाव होतं. वारस लावायचे म्हणजे दोन्ही आत्या आल्या. धाकटे काका म्हणाले, "2005 चा कायदा व्हायच्या आधीच अण्णा गेले, बहिणींचा काय संबंध?" वकिलांनी समजावलं की वडील आधी वारले तरी मुलीचा हक्क बुडत नाही, 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलंय. शिवाय वडिलांच्या स्वतःच्या हिश्शात मुलगी 1956 च्या कायद्यापासून वारस आहेच. आत्यांची तक्रार एवढीच होती की त्यांना कुणी विचारलं नाही. आई स्वतः त्यांच्याकडे गेली. साडीचोळी देऊन हक्कसोडपत्रावर सह्या घ्यायच्या, ही रीत तिने आमच्या घरात मोडली. खरेदीखतावर आत्यांच्याही सह्या झाल्या आणि त्यांच्या वाट्याचे चेक त्यांच्याच नावाने निघाले. भाऊबीज अजून चालू आहे. बायांनो, सही करण्याआधी आपला वाटा विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

राजापूरजवळची वाडी

ग्रामपंचायतीचा नमुना आठ म्हणजे मालकी नव्हे, तो घरपट्टीचा उतारा. आमचं चिरेबंदी घर त्यावर आमच्या नावाने, पण खालची जमीन सातबाऱ्यावर सामाईक, आणि तीही शेतीची. म्हणजे घेणारा शेतकरीच हवा. मुंबईची चांगली गिऱ्हाइकं एवढ्यावरच परत गेली. शेवटी चुलतभावाने घेतलं. पैसे कमी आले, पण गणपती त्याच माजघरात बसतो, आणि आम्ही सगळे तिथेच जमतो.

सातारा

आमच्या गिऱ्हाइकाला फक्त जागा हवी होती, वाडा पाडायचाच होता. सागाचे खांब, तुळया, कोरीव दरवाजा यांचं काय, हे साठेखतातच, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारातच, लिहून घ्या. जुन्या सागाला वेगळा भाव येतो. देव्हाऱ्याची चौकट आम्ही ठेवून घेतली.

न्यू जर्सी

भावाचा आणि माझा वाटा सारखा, पण मी अनिवासी म्हणून खरेदीदाराला माझ्या रकमेतून बराच जास्त कर कापावा लागतो. त्यासाठी कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून व्यवहाराआधीच मिळवला. घर 2001 च्या आधीचं असल्याने 1 एप्रिल 2001 ची किंमत मूल्यांककाकडून काढून घेतली. ती खरेदीची किंमत म्हणून धरल्यावर करासाठीचा नफा पुष्कळ खाली येतो. भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासात केलं. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावं लागतं, हे ध्यानात ठेवा.

मिरज

आम्ही थांबलोय. दर्शनी खोल्यांत वडिलांच्या काळापासूनचे भाडेकरू आहेत आणि भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण त्यांना आहे. घर घेणारे म्हणतात, आधी रिकामं करून द्या. त्या काकूंनी मला लहानपणी जेवू घातलंय. त्यांच्या मुलाचं घर पुढच्या वर्षी बांधून होईल, तोवर विक्रीचा विषय काढायचा नाही असं आम्ही भावंडांनी ठरवलंय.