नाव झाकायचं तर फाइलही साफ करा

पहिल्या पानावरचं लेखकाचं नाव काढलं की गुप्त परीक्षणाला (लेखक कोण हे परीक्षकाला न कळता होणाऱ्या तपासणीला) संशोधनाचा पेपर तयार, असं मानलं जातं. ते अपुरं आहे. वर्डच्या प्रॉपर्टीजमध्ये आणि समासातल्या कॉमेंट्समध्ये नाव उरतंच. फाइलची प्रत करून तिच्यावर वर्डमधलं 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' (दडलेली माहिती शोधून पुसणारी सोय) चालवा. मूळ फाइलवर नको, कारण पुसलेलं सगळं परत मिळेलच असं नाही. आभाराची तळटीप आणि 'आमच्या आधीच्या लेखात' छापाची वाक्यं हातानंच बदलावी लागतात. परीक्षकांनीही पीडीएफवर शेरे मारताना हे बघावं, तिथंही नाव चिकटतं.

अर्थात वर्किंग पेपर, म्हणजे छापून येण्याआधीचा मसुदा, आधीच ऑनलाइन असेल तर शीर्षक शोधताच लेखक सापडतो. 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या अर्थशास्त्राच्या नियतकालिकानं २०११मध्ये दुहेरी गुप्त परीक्षण (लेखक आणि परीक्षक दोघांचीही नावं एकमेकांपासून झाकणारं) सोडलं, त्यामागे हेच एक मोठं कारण होतं.